विरूपाक्षच्या हातचं पाणी

माझा धाकटा भाऊ विरूपाक्ष एकसष्ट वर्षांचा आहे. त्यातली बत्तीस वर्षं त्याने रत्नागिरीच्या समुद्रात कुपा पकडण्यात घालवली आणि आजतागायत माशाचा एक तुकडाही तोंडात घातलेला नाही. कुपा म्हणजे ज्याला तुम्ही ट्यूना म्हणता तो. आम्ही उदगीरचे लिंगायत, तीन पिढ्यांचा डाळ-मिरचीचा व्यापार. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. अशा घरातला माणूस बोटीवर तांडेल होतो, म्हणजे बोट चालवणारा मुख्य, आणि भल्या सकाळी केबिनच्या टपावर बसून डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतो, विभूती लावतो आणि मग खाली उतरून गळ सोडतो, हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मीही हसायचे.

हे मी आत्ता लिहितेय, कारण आमची अव्वा गेल्या माघात गेली. अव्वा म्हणजे आमची आई, लक्ष्मम्मा. ब्याण्णव वर्षांची होऊन गेली, तेव्हा रडारड करण्यासारखं काही नाही. पण ती असेपर्यंत हे लिहिता येत नव्हतं. का ते पुढे येईलच.

त्याला मासा पहिल्यांदा मी दाखवला, हा माझा पहिला गुन्हा. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. हा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. घरी एकटा काय करेल म्हणून प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे बरणीत औषधात ठेवलेला एक मासा होता, पिवळा पडलेला, कुणी ढुंकून बघत नसे. हा त्याच्यापुढे तासभर उभा.

“अक्का, ह्याला पापणी न्हाई.”

“नसते.”

“मग झोपतो कसा?”

मला प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायच्या होत्या. मी म्हटलं, “आधी दहावी पास हो, मग सांगते.” तो दहावी पास झाला. मी सांगितलं नाही. विसरले.

पुढे लातूरला आयटीआय करून तो डिझेल इंजिनं दुरुस्त करू लागला. आमच्या धान्याच्या मोंढ्यातल्या कुणी ट्रकवाल्याने त्याला सांगितलं की रत्नागिरीला बोटींची इंजिनं सदानकदा बंद पडतात आणि तिथे धड मिस्त्री नाही. दोन महिन्यांसाठी म्हणून गेला. ‘सलामती’ नावाची छोटी खाजगी बोट होती. मालकासकट पाच माणसं. मालक मजगावकर चाचा. त्यांच्या बोटीचं इंजिन बंदरात कसं गुळगुळीत चालायचं, आणि बाहेर गेलं की बसायचं. तेव्हा मिस्त्रीने सोबत जाणं आलं. गेला. इंजिन तिसऱ्या दिवशी नीट झालं, हा मात्र बोटीवरून उतरला नाही.

चाचा म्हणायचे, “ह्याच्या डोळ्यावर माझा भरवसा. बाकीच्यांना मासा दिसला की कालवण दिसतं. ह्याला नुसता मासा दिसतो.” तीन-चार वर्षांत मिस्त्रीचा तांडेल झाला.

घरी त्याने सांगितलं होतं, “बोटीवर इंजिन बघतो.” हे खोटं नव्हतं. अव्वाने गल्लीभर करून टाकलं की आमचा पोरगा जहाजावर हाय. तिच्या डोक्यात पांढरं जहाज, टोपीवाले साहेब, सुटाबुटातले प्रवासी. लग्न झालं, सूनबाई मंजुश्री घरात आली, तिला त्याने पहिल्याच महिन्यात खरं सांगितलं. ती म्हणाली, “मला काय. अव्वाला कळू देऊ नका म्हणजे झालं.” तिने शिवणकाम सुरू केलं आणि उदगीरलाच राहिली. मलाही ठाऊक होतं. दहा वर्षं हे असं सुरळीत चाललं.

बावीस वर्षांपूर्वीच्या अक्षय तृतीयेला बिघडलं. त्याच दिवशी बसवजयंती असते. आमच्याकडे अय्या, म्हणजे आमचे जंगम गुरू, पाद्यपूजेला आणि जेवायला येत. विरूपाक्ष रत्नागिरीहून हापूस घेऊन आला होता. आंबे उन्हात सडू नयेत म्हणून त्याने बोटीवरची बर्फाची थर्माकोलची पेटी वापरली होती. चार वेळा सोडा लावून धुतलेली, दोन दिवस वाळवलेली. त्याच्या मते स्वच्छ. बत्तीस वर्षांत त्या माणसाने एवढी एकच चूक केली, आणि ती फक्त आमच्यातलाच माणूस करू शकतो, कारण माशाचा वास कसा चिकटून बसतो हे रोज मासे रांधणाऱ्या बाईला कळतं; न खाणाऱ्याला, त्यातच दिवस काढणाऱ्याला, तो येणंच बंद झालेलं असतं.

पेटी देवघराच्या कोपऱ्यात ठेवली, गार जागा म्हणून. उन्हं चढली तसा घरात वास सुटला.

आता गंमत बघा. घरात पंधरा माणसं. एकाच्याही नाकाला जन्मात मासळीचा वास माहीत नाही. कुणी म्हणालं उंदीर मेलाय. कणग्या हलवल्या. कुणी म्हणालं गटार तुंबलं. मोरीत बादल्या ओतल्या. उमाशंकर मामा म्हणाले, आंब्याला पावडर मारतात हल्ली, तिचा वास. अय्यांनी पाटावर बसल्या बसल्या नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, “पाल असंल. पाल मेली की असंच येतंय.” मग सगळे पाल शोधायला लागले. विरूपाक्षही शोधत होता, पलंग उचलून उचलून. त्याला खरंच कळत नव्हतं.

आणि मी नांदेडच्या बसमधून उतरून, घामाने भिजून, हातात पिशवी, उंबऱ्यात पाय ठेवला आणि म्हटलं,

“मासळी कुणी आणली घरात?”

हा दुसरा गुन्हा. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्याचा संसारात एवढाच उपयोग झाला.

सगळे थांबले. मग सगळ्यांनी पेटीकडे बघितलं. मग विरूपाक्षकडे. त्याला एक सोपं खोटं बोलता आलं असतं: पेटी दुसऱ्याची, मागून आणली. अजून कधी कधी वाटतं, बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो पलंग खाली ठेवून सरळ उभा राहिला.

“पेटी माझीच हाय अव्वा. बोटीवरची.”

“बोटीवर मासे कशाला असतेत?”

“पकडतो म्हणून.”

“तू?”

“हाव.”

अव्वा रडली नाही, ओरडली नाही. अय्यांची क्षमा मागून, त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून, दुसरा स्वयंपाक केला. त्या आंब्यांचा काढलेला आमरस मागच्या अंगणात खड्डा काढून पुरला. संध्याकाळी ती विरूपाक्षला म्हणाली, “घर तुझं हाय. ये, ऱ्हा, जेव. म्या तुला कवाच ये नको म्हणणार न्हाई. पर त्या हातचं पाणी मला नको.”

झालं. एवढंच. आणि तिने ते वीस वर्षं पाळलं.

तुम्हाला वाटेल, पाणीच काय, नाही दिलं तर नाही दिलं. तसं नसतं. आमच्याकडे मुलगा घरी आला की पहिल्यांदा आईपुढे तांब्या ठेवतो, नमस्कार करतो, ती दोन घोट पिते. हा बस बदलत बदलत दोन दिवसांनी घरी पोचायचा, नमस्कार करायचा, आणि तांब्या मंजुश्री ठेवायची. तो बाजूला उभा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं तेव्हा सगळे हंडे तोच भरायचा, ते चालायचं. त्याच हंड्यातलं पाणी त्याने पेल्यात ओतून दिलं तर चालायचं नाही. मी अव्वाशी यावरून किती भांडले!

“हंडा चालतो आणि पेला चालत नाही, हे कुठलं शास्त्र गं?”

“माझं.”

“तू ज्या डाळी विकल्यास त्यातल्या किड्यांचं काय?”

“तुझं कॉलेज कॉलेजात ठेव.”

विरूपाक्ष मात्र एकदाही भांडला नाही. मला त्याचाच राग यायचा. म्हटलं, “अरे, एकदा जोरात बोल तिच्याशी.” तर म्हणतो, “ओढून काय होतंय अक्का. ओढलं की तुटतंय.” मी म्हटलं, “गप रे, मोठा आलास.” त्याच्या धंद्यातलं काही तो बोलायला लागला की मी असंच करायचे. ट्यूनाच्या जाती, शास्त्रीय नावं, कल्ल्यांची रचना हे मी फळ्यावर डोळे मिटून काढून दाखवेन. पण तो नेमका पकडतो कसा, हे मी सख्ख्या भावाला एकदाही विचारलं नव्हतं. घरात कुणीच विचारलं नव्हतं. त्या विषयावर आम्ही सगळ्यांनी झाकण ठेवलं होतं.

मग माझा नवरा गेला, मी नांदेडचं घर बंद करून उदगीरला आले. आणि नव्वदाव्या वर्षी अव्वा मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण ती परत उभी राहिली नाही. डोळ्यांनाही अंधुकच दिसायचं. तिला उचलणं मला आणि मंजुश्रीला झेपेना. मंजुश्रीने फोन केला. विरूपाक्षने चाचांच्या मुलाच्या हातात बोटीचं सुकाणू दिलं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन कायमचा घरी आला. या खेपेला थर्माकोलची नव्हे.

तो अव्वाला उचलायचा ते बघण्यासारखं होतं. मी उचलायचे तेव्हा ती “मेले गं” म्हणून ओरडायची. तो एक हात मानेखाली, एक गुडघ्याखाली घालून क्षणभर थांबायचा, तिचा श्वास बघायचा, आणि तिने श्वास सोडला की उचलायचा. आवाज नाही. खुर्चीत बसवायचा, उन्हात न्यायचा, परत आणायचा. हे सगळं तिला चालत होतं. पाणी मागायचं झालं की मात्र, “अक्का कुठं हाय? मंजुश्री कुठं हाय?”

मंजुश्री दोन ते पाच शिवणवर्ग घ्यायची. म्हणजे दुपारभर मी पाणीवाली. मी बाथरूममध्ये असले तर अव्वा वाट बघायची. घसा कोरडा पडला तरी वाट बघायची. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, लघवीला जळजळ होतेय, दिवसाला दीड-दोन लिटर गेलंच पाहिजे. मी चिडून म्हटलं, “अव्वा, तुझा हट्ट तुला मारणार.” ती म्हणाली, “मारू दे.” विरूपाक्ष कोपऱ्यात हंडा भरत होता. त्याने ऐकलं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही. आईच्या उशाशी पाणी आहे, आई तहानलेली आहे, हात रिकामा आहे, आणि त्या हाताने काही करता येत नाही. मला वाटलं, ही अशीच जाणार आणि हा जन्मभर तो तांब्या डोक्यावर घेऊन फिरणार.

आणि हे माझ्या त्या एका वाक्यापायी.

चैत्रातली दुपार. औषध संपलं होतं म्हणून मी दुकानात गेले होते. दुकान बंद. तशीच परत आले. माझ्या चपला मऊ रबराच्या, पायाचा आवाज येत नाही. दाराला नुसता पडदा होता. आत शिरणार, तेवढ्यात अव्वाचा आवाज ऐकला.

“तम्मा, हे बोट कुठं हाय?”

आमच्यात धाकट्याला लाडाने तम्मा म्हणतात. वीस वर्षांत तिने त्याला त्या नावाने हाक मारली नव्हती. मी पडद्याआडच थबकले. फटीतून दिसत होतं. त्याने तिला नुकतंच उशीला टेकवून बसवलं होतं आणि त्याचा डावा हात तिच्या हातात राहिला होता. त्याची करंगळी अर्धीच आहे. आम्हाला सांगितलं होतं, इंजिनात गेली. अव्वाने तो हात कधी नीट बघितलाच नव्हता. आता डोळे गेले म्हणून ती हाताने बघत होती.

“गेलं. लई वर्षं झाली.”

“इंजिनात?”

त्याने मोकळ्या हाताने तिच्या पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाला, “न्हाई. दोरात. मासा ओढून राहिला होता, म्या नवा होतो. दोर हाताला गुंडाळला. गुंडाळायचा नसतोय.”

माझा नेहमीचा स्वभाव, आत घुसून म्हणणार होते, “विषय कशाला काढतोस?” पाय उचललाही होता. अव्वाने त्याआधी विचारलं,

“मग कसा धरायचा?”

मी पाय खाली ठेवला.

“नुसता हातावरनं जाऊ द्यायचा. सुती मोजे असतेत हातात, ओले करून. गळ लागला की तो पळतोय अव्वा. शंभर हात, दोनशे हात, सरळ खाली. तवा आडवायचं न्हाई. जाऊ द्यायचं. पर सैल बी सोडायचं न्हाई, सैल पडला की गळ निसटतोय. बोटांत एवढंसं दाबून ठिवायचं. मग दमतोय, तोंड फिरवतोय. तोंड आपल्याकडं झालं की दोन हात ओढून घ्यायचे. परत पळाला, परत द्यायचं. कवा कवा दोन तास जातेत.”

“येवढ्या मोठ्या समिंदरात गावतो कसा?”

“पाखरं सांगतेत. पाखरं उंच फिरून राहिली तर मासा खोल. पाण्याला टेकून झडप घालून राहिली तर वर आलाय. मग तिकडं जायचं, पर घुसायचं न्हाई. थव्याच्या मधनं बोट घातली की सगळा थवा खाली बुडतोय, दिवस गेला. बाजूनं जायचं, त्याच्या म्होरं जाऊन इंजिन बारीक करायचं. बारके जिते मासे हौदात ठिवलेले असतेत, मूठमूठ टाकायचे, म्हंजे तो बोटीपाशी ऱ्हातोय. येकजण पाण्यावर पाणी उडवतोय, पाऊस पडल्यावानी, म्हंजे त्याला आमी दिसत न्हाई.”

“चोरच की रं तुमी.”

“हाव. चोरच.”

अव्वा हसली. मी खरं सांगते, हसली.

“पाचजण काय करता? समदेच ओढता?”

“न्हाई न्हाई. येकाला लागला की बाकीच्यांनी आपले दोर वर घ्यायचे, न्हाईतर गुंता. ज्याचा मासा त्यानं ओढायचा, दुसऱ्यानं त्याच्या मागं दोर गोल गोल रचायचा, पायात येऊ द्यायचा न्हाई. चाचा सुकाणूवर. कुणी बोलायचं न्हाई.”

“तुझी अक्का असती तर?”

“बुडाली असती बोट.”

हे मी निमूट ऐकून घेतलं.

तिचा अंगठा त्या अर्ध्या करंगळीवर फिरत होता. मग तिने तो प्रश्न विचारला, जो तिने विचारू नये असं मला वीस वर्षं वाटत होतं.

“मारता कसा?”

विरूपाक्षने आवाज बदलला नाही. “वर घेताना आकडी डोक्यातच मारायची, अंगात न्हाई. वर आला की डोळ्यावर ओलं फडकं टाकायचं. मग थंड होतोय, तडफडत न्हाई. डोक्यात येक जागा असती, मऊ, तिथं सळई घालायची. येका दमात. मग बाजूच्या पंखामागं कापून रगत जाऊ द्यायचं आन् लगेच बर्फाच्या पाण्यात. त्याचं रगत गरम असतंय अव्वा.”

“माशाचं?”

“ह्याचंच. आपल्यासारखं. हाताला लागतंय.”

शास्त्र म्हणून मला ते पाठ होतं. हाताला लागतं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

“मग पाप लागत न्हाई?”

“लागतंय की. लागत न्हाई असं म्या कवा म्हटलं? दुसऱ्याला कर म्हणून म्या कवा तोंड फिरवलं न्हाई, येवढंच. सळई म्याच घालायचो. बाकीचे घाई करतेत.”

“पूजा?”

“ती येक दिवस चुकली. येकच.” आणि मग त्याने ते सांगितलं, जे मंजुश्रीलाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी पूजेआधीच थवा लागला; मोठा कुपा वर घेताना दोराचा फास त्याच्या गळ्यातल्या शिवदोऱ्यात अडकला आणि लिंगाची चांदीची डबी तुटून गेली. समुद्रात गेली की बोटीत, कुणालाच दिसलं नाही. आमच्यात लिंगपूजेशिवाय अन्नपाणी घ्यायचं नसतं. तो टपावर जाऊन बसला. चाचांनी विचारून विचारून काढून घेतलं. मग चाचांनी बोट थांबवली आणि सांगितलं, आधी ह्याचा देव शोधा. तीन मुसलमान, एक भंडारी, अशा चौघांनी बर्फाचा सगळा कप्पा रिकामा केला. मासा उन्हात टाकला. बर्फ घमेल्याघमेल्याने चाळून समुद्रात फेकला. त्या फेरीचा सगळा कुपा खराब झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कप्प्याच्या तळाला, फळीच्या फटीत, डबी सापडली.

“येक दिवस, येक रात पाणी न्हाई घेतलंस?” अव्वा म्हणाली.

“न्हाई.”

“उन्हात?”

“हाव.”

“मला का न्हाई सांगितलं?”

“तू इचारलं न्हाईस.”

हे त्याने तक्रारीने म्हटलं नाही. नळाला पाणी आलं नाही, असं सांगावं तसं म्हटलं. मी पडद्याच्या कडेला हात लावून उभी होते, आणि मला ती पिवळी पडलेली माशाची बरणी आठवली.

“मग पाणी कुणी दिलं तुला?”

“डबी समिंदराच्या पाण्यानं धुतली, पूजा केली. चाचा तांब्या घेऊन उभाच होता.”

“त्याच्या हातचं पिलास?”

“पिलो अव्वा. दोन तांबे.”

बाहेर कुणीतरी भोंग्यावर भंगार मागत गेलं. मग अव्वाने त्याचा हात सोडला. मला वाटलं, संपलं.

“हात धू,” ती म्हणाली.

“धुतलेत.”

“परत धू. साबणानं. कोपरापातुर.”

मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. लग्नाला निघालेला माणूस धुणार नाही इतके त्याने ते हात धुतले. मग हंड्यावरचं झाकण, तांब्या, पेला. पेला तिच्या हातात दिला नाही, तिचे हात थरथरतात. मानेखाली एक हात घातला, थांबला, तिने श्वास सोडला, मग पेला ओठाला लावला. एक घोट. थांबला. आणखी एक. त्याने कुठेही घाई केली नाही आणि पेलाही सैल सोडला नाही. अव्वा सगळा पेला प्यायली आणि म्हणाली, “आजून.”

दुसरा पेला संपल्यावर तिने तोंड पुसलं. “हे बघ तम्मा. अक्काला सांगू नको. ती लगेच गावभर करती.”

“न्हाई सांगत.”

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. फाटकापर्यंत गेले. कडी तीनदा आपटली, खोकले, “काय मेलं ऊन!” असं मोठ्याने म्हटलं आणि चपला फरफटत आत आले. विरूपाक्ष खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. तांब्या जागेवर.

“आलीस का,” अव्वा म्हणाली. “कवाधरनं घसा कोरडा पडलाय माझा. पाणी दे.”

मी पेला भरला. तिने मोठ्या कष्टाने दोन घोट घेतले. पोटात जागाच नव्हती. मी म्हटलं, “आणखी घे.” काय करणार, सवय. ती म्हणाली, “लई झालं.”

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता मला बाजारात काम निघालं. तिसऱ्या दिवशीही निघालं. अव्वा जाईपर्यंत, पावणेदोन वर्षं, मला रोज दुपारी बाजारात काम होतं. उन्हात, पावसात, छत्री घेऊन. पहिल्यांदा कोथिंबीर, मग ती एवढी साठली की मंजुश्री वैतागली. मग मी सुया, बटणं, चेन, नाड्या आणायला लागले, शिवणवर्गाला लागतात म्हणून. तेवढा तास कुठेतरी काढायचा. आडत बाजारात विरण्णाच्या दुकानात बाकावर बसून राहायचे. त्याने एकदा विचारलं, “म्याडम, घरी बसवत न्हाई का?” मी म्हटलं, “न्हाई.” अव्वा रोज कुरकुर करायची, “रोज रोज कसला ग बाजार?” आणि परत आल्यावर मी दिलेलं पाणी दोन घोट प्यायची. डॉक्टर म्हणाले, आता पाणी व्यवस्थित जातंय, छान. मी म्हटलं, “मी देते ना वेळेवर.”

माघात ती झोपेतच गेली. दुपारीच. उशाशी पेला होता, अर्धा प्यालेला.

परवा विरूपाक्ष कपाट आवरत होता. खालचा खण उघडला तर त्यातून सुयांची पाकिटं सांडली. चाळीस-पन्नास तरी असतील. बटणांचे पुडे, नाड्यांची बंडलं, सगळं न उघडलेलं. तो खाली बसून ती गोळा करत होता. एकेक पाकीट उचलून बघत होता, पाखरांकडे बघतो तसा.

“अक्का, एवढ्या सुया कशाला आणल्यास?”

“लागतात,” मी म्हटलं, आणि भाजी चिरायला लागले.

तो हे वाचेल. वाचू दे. माशाला पापणी नसते, विरूपाक्ष; तो डोळे उघडे ठेवूनच विश्रांती घेतो. तुझा कुपा तर तेव्हाही पोहतच असतो, थांबला तर त्याला श्वास घेता येत नाही. दहावी पास झाल्यावर सांगते म्हटलं होतं, थोडा उशीर झाला.